१२३४५६७८९८७६५४३२१ : एका संख्येचे वाचन, घडण आणि गुण

काळी नदीवरचे सुपा धरण पूर्ण भरले की त्यात सुमारे १४७ टीएमसी पाणी मावते. पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून रोज छापून येणारे हे टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. हजार दशलक्ष म्हणजे शंभर कोटी, आणि शंभर कोटींना मराठीत अब्ज हा शब्द आहे. तेव्हा टीएमसी या इंग्रजी अक्षरांचा अर्थ सरळ 'अब्ज घनफूट' एवढाच होतो.

एक घनफूट म्हणजे २८.३१७ लिटर. या हिशेबाने भरलेल्या धरणात सुमारे ४१६२ अब्ज लिटर पाणी असते. दवाखान्यात सर्वसाधारणपणे वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरतात, म्हणजे लिटरला वीस हजार थेंब. ४१६२ अब्जांना वीस हजारांनी गुणले की सतरा अंकी संख्या येते. सगळे थेंब सारखे नसतात, त्यामुळे हा अंदाजच झाला. पण सतरा अंकी संख्या केवढी असते हे डोळ्यांसमोर आणायला तो पुरेसा आहे. ज्या संख्येचा पाठ येथे घ्यायचा आहे तीही सतरा अंकी आहे :

१२३४५६७८९८७६५४३२१

एवढे थेंब म्हणजे २१.८ टीएमसी पाणी, सुपा धरणाच्या सातव्या हिश्श्याहून किंचित जास्त. सेकंदाला एक या गतीने ते मोजत बसले तर सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील.

इतकी मोठी संख्या कोणी मोजून मिळवत नाही. तरीही तिच्याविषयी पुष्कळ गोष्टी पूर्ण खात्रीने सांगता येतात, आणि त्यांची कारणे शाळेतल्या साध्या गुणाकारात सापडतात. मासिकांच्या कोपऱ्यांतून आणि शाळेच्या फलकांवरून अशा संख्या 'अंकांचा चमत्कार' म्हणून दाखवल्या जातात. असे का होते, हा मुलाचा प्रश्न तिथेच राहतो, आणि गणित म्हणजे कोणा हुशार माणसाची जादू असा समज पक्का होतो. या लेखात प्रत्येक गुणाचे कारण शोधायचे आहे. शिवाय भाषेच्या वार्षिकात शोभेल असा एक प्रश्नही सोबत ठेवायचा आहे : या संख्येचे म्हणून जे गुण सांगतात, त्यांतले खरोखर संख्येचे किती आणि आपण ती ज्या रीतीने लिहितो त्या रीतीचे किती?

वाचन

आधी ही संख्या वाचायची कशी ते पाहू. आजच्या व्यवहारातली मराठी कोटीपाशी थांबते आणि त्यापुढे कोटीचीच पुनरुक्ती करते. अर्थसंकल्पात 'लाख कोटी' येतात ते याच कारणाने. त्या रीतीने ही संख्या अशी वाचावी लागेल : एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. वाचन बरोबर आहे. मात्र पहिला कोटी दुसऱ्या कोटीला गुणतो, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येईपर्यंत संख्या निसटलेली असते.

भास्कराचार्यांनी शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त अठरा स्थानांची अठरा नावे दिली आहेत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत आणि कोटी ही पहिली आठ. कोटीच्या दसपट अर्बुद, मग अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये. परार्ध हा शब्द पूजेच्या संकल्पात बहुतेकांनी ऐकलेला असतो. तिथे तो ब्रह्मदेवाच्या अर्ध्या आयुष्यासाठी येतो, त्यामुळे तो संख्येचाही शब्द आहे हे सहसा ध्यानात येत नाही.

या यादीचा मोठा गुण असा की प्रत्येक स्थानाला स्वतंत्र नाव आहे आणि प्रत्येक नाव आधीच्याच्या दसपट आहे. आपली संख्या या नावांनी वाचून पाहा : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आणि मग उतरताना आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. अंकांची चढण आणि उतरण कानाला स्पष्ट ऐकू येते.

येथे एक सावधगिरी हवी. हिंदीतली चालू मोजणी शंभराच्या टप्प्यांनी जाते : अरब, खरब, नील, पद्म, शंख. हिंदीतला अरब आणि मराठीतला अब्ज एकच. पण हिंदीतला खरब शंभर अब्जांचा, आणि लीलावतीतला खर्व दहा अब्जांचा. हिंदीतला पद्म म्हणजे एकावर पंधरा शून्ये. लीलावतीतल्या महापद्मावर बाराच. हिंदी आकड्यांचे मराठी करताना खरबच्या जागी डोळे मिटून खर्व लिहिणारा रकमेचा दशांशच ठेवतो. कोशकारांनी या शब्दांपुढे शून्यांची संख्या नेहमी द्यावी असे मला वाटते.

हिंदी रीतीने वाचली तर संख्येचे दोन-दोन अंकांचे गट पडतात : १२, ३४, ५६, ७८, ९८, ७६, ५४ आणि शेवटी ३२१. मराठीत हे गट बारा, चौतीस, छप्पन्न, अठ्ठ्याहत्तर असे उच्चारले जातात, आणि त्यात एक मौज घडते. लेखनात आधी ३ आणि मग ४ आहे. उच्चारात आधी चौ आणि मग तीस. म्हणजे डोळ्यांना १-२-३-४ अशी दिसणारी चढण कानाला प्रत्येक गटात उलटी ऐकू येते. कन्नडमध्ये तसे होत नाही. 'मूवत्तनाल्कु' यात तीस आधी आणि चार नंतर, 'इप्पत्तोंदु' यात वीस आधी आणि एक नंतर. जोयडा तालुक्यातल्या मुलाच्या कानावर घरात एक क्रम आणि बाजारात, कचेरीत दुसरा क्रम पडतो. एकवीस ऐकून १२ लिहिणाऱ्या मुलावर चिडण्यापूर्वी एवढे लक्षात घेतले पाहिजे. महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा वाद झाला हे वाचकांना आठवत असेल. सीमेवरच्या घरांत हा प्रश्न वादाविना रोजच सुटत असतो, कारण तिथे दोन्ही क्रम चालू असतात.

घडण

आता ही संख्या कुठून आली ते पाहू. पाटीवर पुढील गुणाकार करून पाहावेत :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असेच पुढे जात नवव्या पायरीवर १११११११११ × १११११११११ हा गुणाकार येतो आणि त्याचे उत्तर आपली संख्या. म्हणजे ती नऊ एकांच्या संख्येचा वर्ग आहे.

गुणाकार मांडला की कारण समोरच दिसते. गुणकात नऊ एक आहेत, म्हणून १११११११११ ही ओळ नऊ वेळा लिहावी लागते, आणि दर वेळी ती एक घर डावीकडे सरकते. आता उभ्या बेरजा घ्या. उजवीकडच्या शेवटच्या घरात एकच ओळ पोचते, म्हणून १. त्याच्या डावीकडे दोन ओळी, म्हणून २. अशी वाढ होत मधल्या घरात नऊच्या नऊ ओळी येतात. तिथून पुढे उजवीकडच्या ओळी एकेक करून संपत जातात आणि बेरीज ८, ७, ६ अशी एकापर्यंत उतरते. उलटसुलट कशीही वाचली तरी संख्या तीच राहते, याचे सारे रहस्य या सरकत्या ओळींत आहे.

हेच अंगणात सुपाऱ्या मांडून दाखवता येते. नऊ ओळींत नऊ-नऊ सुपाऱ्यांचा चौरस मांडावा आणि तो कोपऱ्यातून तिरका मोजावा. कोपऱ्यात एक, मग दोन, मग तीन, कर्णावर नऊ, आणि पुन्हा उतरत समोरच्या कोपऱ्यात एक. सुपाऱ्या एकंदर ८१. म्हणून आपल्या संख्येच्या सर्व अंकांची बेरीजही ८१ येते. नवाच्या ऐवजी पाच घेतले तर १ + २ + ३ + ४ + ५ + ४ + ३ + २ + १ = २५. मुले ही मांडणी एकदा करतात आणि पुन्हा विसरत नाहीत. सूत्राच्या बाबतीत असे क्वचितच म्हणता येते.

या सगळ्यात एक अट लपलेली आहे. प्रत्येक उभ्या बेरजेचे उत्तर एकाच अंकात मावले पाहिजे, म्हणजे हातचा येता कामा नये. नऊ ओळींपर्यंत सर्वांत मोठी बेरीज ९, म्हणून हातचा नाही. दहाव्या ओळीला तो येतो. त्याचे काय परिणाम होतात ते लेखाच्या शेवटी पाहू, कारण ते वाटतात तितके निराशाजनक नाहीत.

ही चढ-उतार फार जुन्या काळी लोकांच्या नजरेत भरली होती. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, आजच्या कर्नाटकात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात २७९९४६८१ आणि ४४१ यांच्या गुणाकाराचे उदाहरण आहे. उत्तर १२३४५६५४३२१, आणि महावीराचार्य ते शब्दांत सांगतात : एकापासून सहापर्यंत चढत गेलेली आणि मग क्रमाने उतरलेली संख्या. हा आपल्या शिडीतल्या सहाव्या पायरीचा वर्ग आहे. ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा. २१ आणि ५२९१ यांचा गुणाकार १११११११. पण एवढे एक लिहिले की एक चूक हमखास होते, म्हणून मोजून घ्यावे : २१ × ५२९१ चे खरे उत्तर १११ १११, म्हणजे सहाच एक. अशा संख्या लिहिताना तीन-तीनचे गट पाडण्याची सवय उपयोगी पडते.

देवळालीचे गुरुजी

विसाव्या शतकात या घराण्याच्या संख्यांना नाव दिले ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. शिक्षण ठाण्याला आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. विद्यार्थिदशेतच, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळेत शिक्षक होते. विद्यापीठातली जागा नाही, पदव्युत्तर पदवी नाही. स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिका आणि परिषदांतून वाचलेले निबंध एवढीच त्यांची साधने.

डोंबिवली हे तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवरचे स्थानक. तिथे ही कल्पना सुचली म्हणून स्थानकाच्या नावावरून कापरेकरांनी या संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हटले. डेम्लो संख्येचे तीन भाग असतात. डावा आणि उजवा भाग एकमेकांत मिळवले की मधल्या भागातला अंकच पुन्हा पुन्हा येतो. १६६५ घ्या : १ आणि ५ मिळून ६, आणि मध्ये सहाच आहेत. १२३२१ मध्ये १२ आणि २१ मिळून ३३, मध्ये ३. आपल्या संख्येत डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१, आणि बेरीज ९९९९९९९९. मध्ये ९ आहेच. कारण सोपे आहे. डावा भाग एकेकाने चढतो, उजवा एकेकाने उतरतो, म्हणून प्रत्येक घरात बेरीज तीच : १ + ८, २ + ७, ३ + ६.

कापरेकरांची आणखी एक आवडती क्रिया अशी : संख्येचा वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे आणि ते मिळवायचे. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. मूळ संख्या परत देणाऱ्या अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. हीच क्रिया आपल्या शिडीवर करू. उजवीकडे जितके एक, तितके अंक तोडायचे. १११ चा वर्ग १२३२१ : १२ + ३२१ = ३३३, म्हणजे १११ ची तिप्पट. ११११ चा वर्ग १२३४३२१ : १२३ + ४३२१ = ४४४४, चौपट. नवव्या पायरीवर १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९, नऊपट. म्हणजे जितके एक तितक्या पट, असा नियम दिसतो. म्हणून पहिल्या पायरीनंतर नवव्यापर्यंत यांपैकी एकही कापरेकर संख्या नाही.

१९४९ साली त्यांना ६१७४ ही संख्या सापडली. चारही अंक एकसारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करावी, आणि हे करत राहावे. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतेच. सुरुवातीला या कामाला आपल्याकडे क्षुल्लक करमणूक मानणारे पुष्कळ होते. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि मग त्यांचे नाव सर्वदूर झाले. तोवर ते सत्तर वर्षांचे होते.

अवयव

आतापर्यंतचे सर्व गुण अंकांच्या मांडणीतले होते. आता संख्या फोडून पाहू. नऊ एकांचे तीन-तीनचे गट पाडले की १११ × १००१००१ अशी फोड दिसते. १११ म्हणजे ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून तिलाही ३ ने भाग जातो : ३ × ३३३६६७. तेव्हा १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

३३३६६७ ला आणखी फोडता येते का? नाही, ती मूळ संख्या आहे. साध्या रीतीने हे तपासायचे तर ५७७ पर्यंतच्या सर्व १०६ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. फर्मा यांच्या प्रमेयाचा आधार घेतला तर कळते की तिच्या कोणत्याही मूळ अवयवाला १८ ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे. अशा मूळ संख्या ५७७ पर्यंत सतराच आहेत : १९, ३७, ७३, १०९ आणि पुढच्या. सतरा भागाकार ही एका दुपारची बेगमी आहे; हौशी वाचकांनी जरूर करावेत.

वर्ग करताना प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो. म्हणून आपली संख्या म्हणजे चार वेळा ३, दोन वेळा ३७ आणि दोन वेळा ३३३६६७ यांचा गुणाकार. तिचे विभाजक किती हेही यावरून निघते. ३ एकदाही न घेण्यापासून चार वेळा घेण्यापर्यंत पाच पर्याय, ३७ चे तीन आणि ३३३६६७ चे तीन : ५ × ३ × ३ = ४५. ही विषम संख्या आली यात नवल नाही. विभाजक जोडीजोडीने येतात आणि वर्गसंख्येत वर्गमूळ तेवढे आपलाच जोडीदार असते.

१११ × १००१००१ या फोडीचा वर्ग केला तर १२३२१ × १००२००३००२००१ मिळते. १-२-३-२-१ ही छोटी शिडी दोन्ही अवयवांत आहे, एकीकडे सलग आणि दुसरीकडे शून्यांनी विरळ केलेली. मोठ्या शिडीत अशी लहान शिडी दोनदा दडलेली आहे, आणि नऊ म्हणजे तीन त्रिक नऊ हे त्याचे कारण.

आता कापरेकरांनीच नाव दिलेला आणखी एक गुण. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला त्यांनी 'हर्षद' म्हटले, म्हणजे आनंद देणारी. हा संस्कृत शब्द आज इंग्रजी गणितात तसाच वापरला जातो. ६१७४ हर्षद आहे : अंकांची बेरीज १८, आणि १८ × ३४३ = ६१७४. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. १११११११११ ला ९ ने भाग जातो, भागाकार १२३४५६७९. त्यामुळे वर्गाला ८१ ने भाग जाणारच. तेव्हा आपली संख्या हर्षद आहे.

शिडीतल्या बाकी पायऱ्यांचे काय? कोणत्याही पायरीवर अंकांची बेरीज म्हणजे एकांच्या संख्येचा वर्ग. त्या वर्गाने भाग जायचा तर मुळात एकांच्या रांगेला तिच्या लांबीने भाग गेला पाहिजे. ११ ला २ ने जात नाही. १११ ला ३ ने जातो. ११११ ला ४ ने, १११११ ला ५ ने, सहा एकांना ६ ने जात नाही, कारण या सर्व संख्यांचा शेवट १ ने होतो. ८ लाही हेच लागू. राहिले सात. सहा एकांना ७ ने पूर्ण भाग जातो, म्हणून सातवा एक जोडल्यावर बाकी १ उरते. तेव्हा नऊ पायऱ्यांत पहिली, तिसरी आणि नववी एवढ्याच हर्षद. 'ही संख्या आनंद देते' असे सांगून थांबण्यापेक्षा शेजारच्या सहा जणी का देत नाहीत हे कळण्यात आनंद अधिक आहे.

यंत्राची मर्यादा

एवढे हिशेब करण्यापेक्षा यंत्रावर का करू नयेत, असे कोणी विचारील. करून पाहावेत. दुकानातल्या आठ किंवा बारा घरांच्या कॅल्क्युलेटरवर सतरा अंक दिसतच नाहीत. संगणकावर एक्सेलच्या तक्त्यात ही संख्या भरली तर पहिले पंधरा अंक टिकतात आणि उरलेल्या दोन घरांत शून्ये येतात : १२३४५६७८९८७६५४३००. कितीतरी संगणकी कामांत संख्या ज्या नेहमीच्या पद्धतीने साठवतात, तिच्यात दोनाच्या पायाची ५३ स्थाने असतात. ९००७१९९२५४७४०९९२ या मर्यादेपुढच्या विषम संख्या त्यात बसत नाहीत. आपली संख्या त्या मर्यादेच्या पलीकडची आणि विषम, म्हणून तिथे ती १२३४५६७८९८७६५४३२० होऊन बसते.

ही चूक पकडायला दुसरे यंत्र लागत नाही. विषम संख्येचा वर्ग विषमच असतो, आणि यंत्राने दिलेली दोन्ही उत्तरे सम आहेत. जुन्या शिक्षकांची नवाची कसोटीही लावता येते. नऊ एकांच्या रांगेला ९ ने भाग जातो, म्हणून वर्गालाही गेला पाहिजे. पहिल्या उत्तराच्या अंकांची बेरीज ७८, दुसऱ्याची ८०. दोन्हींना ९ ने भाग जात नाही. सुपाऱ्या मांडून ८१ मोजलेल्या मुलाला येथे यंत्रापेक्षा जास्त माहीत असते. यंत्र वाईट आहे असा याचा अर्थ घेऊ नये. पूर्ण अंक राखणारी साधनेही आहेत. कोणते साधन कुठे थांबते हे वापरणाऱ्याला ठाऊक हवे.

संख्येचे आणि लेखनाचे

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. वर्ग असणे, ३३३६६७ ने भाग जाणे, ४५ विभाजक असणे हे गुण संख्येचे आहेत. तितके थेंब कोणत्याही लिपीत, कोणत्याही पद्धतीने मोजले तरी ते बदलणार नाहीत. उलटसुलट सारखे असणे, अंकांची बेरीज ८१ येणे, डेम्लो किंवा हर्षद असणे हे दशमान लेखनाचे गुण. लिपी बदलल्याने ते जात नाहीत. कन्नड अंकांत लिहिली तरी शिडी तशीच दिसते. पण मोजण्याचा पाया बदलला की ते हलतात. हीच संख्या दोनाच्या पायावर लिहिली तर ५४ स्थाने लागतात. कोणत्याही विषम वर्गाला ८ ने भागले की बाकी १ उरते, म्हणून तिथे तिचा शेवट ००१ असा होतो. सुरुवात मात्र १०१ अशी आहे. म्हणजे त्या लेखनात ती उलटसुलट सारखी नाही. याउलट डझनांनी, म्हणजे बाराच्या पायावर मोजणाऱ्याची एकांची शिडी अकराव्या पायरीपर्यंत विनाहातचा चढेल.

कापरेकरांच्या कामाला कमी लेखणाऱ्यांचा मुद्दा हाच होता की ते लेखनाचे गुण शोधतात, संख्येचे नव्हेत. भेद खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. वृत्त हाही भाषेतल्या मांडणीचा गुण आहे, आशयाचा नाही. म्हणून छंदःशास्त्र क्षुल्लक ठरत नाही. लेखनाच्या गुणांनाही कारणे असतात आणि ती सिद्ध करता येतात. हातचा येतो की नाही एवढ्या एका गोष्टीवर वरचे किती निष्कर्ष टेकलेले आहेत हे आपण पाहिलेच.

तेव्हा राहिलेला दहावा एक आता जोडू. ११११११११११ × ११११११११११ या गुणाकारात मधल्या घरात दहा ओळी येतात. तिथे ० लिहून १ हातचा. डावीकडच्या घरात ९ आणि हातचा १ मिळून पुन्हा १०, पुन्हा ० आणि हातचा १. त्याच्या डावीकडे ८ आणि १ मिळून ९. उत्तर येते :

१२३४५६७९००९८७६५४३२१

शिडी मोडली. डावीकडे ८ नाही, मध्ये दोन शून्ये आहेत, आणि उलट वाचली तर वेगळीच संख्या मिळते. अंकांची बेरीज १०० ऐवजी ८२ येते, कारण प्रत्येक हातचा एका घरातले दहा काढून शेजारी एक ठेवतो, म्हणजे बेरीज नवाने घटते. दोन हातच्यांमागे १८ गेले.

आता कापरेकरांची तोडजोड करून पाहू. उजवीकडचे दहा अंक तोडले की ०९८७६५४३२१, आणि डावीकडे उरतात १२३४५६७९०. आधीच्या नियमाप्रमाणे बेरीज मूळ संख्येच्या दहापट, म्हणजे ११११११११११० यायला हवी होती. पण दोन हातच्यांपैकी पहिला नेमका तोडीच्या जागेवरून पलीकडे गेला आहे. त्यामुळे उजवा तुकडा एकावर दहा शून्यांनी कमी झाला आणि डावा फक्त एकाने वाढला. एकंदर घट ९९९९९९९९९९. दुसरा हातचा डाव्या तुकड्यातल्या आतच फिरला, त्याने काही बदलले नाही. ११११११११११० मधून ९९९९९९९९९९ वजा केले, किंवा सरळ १२३४५६७९० आणि ९८७६५४३२१ यांची बेरीज केली, तरी उत्तर एकच : ११११११११११. नऊ एकांना जे जमले नव्हते ते दहा एकांना जमले. ही कापरेकर संख्या आहे.